‘डिव्हॉल्व्ड गव्हर्नमेंट’ला मराठीत काय म्हणायचं?

विचारणा : ब्रिटनच्या शेती-पर्यावरण धोरणावरचा एक लेख मराठीत करतोय. लंडनचं सरकार आणि स्कॉटलंड, वेल्स, उत्तर आयर्लंडची सरकारं यांचं या विषयांतलं सहकार्य, असा तो आहे. या तीन सरकारांना काय म्हणावं? ‘राज्य सरकार’ लिहिलं की वाचक थेट मंत्रालयात पोचतो.

प्रतिसाद : विकेंद्रित सरकार. किंवा हस्तांतरित.

प्रतिसाद : हस्तांतरित नको. पेपरात ‘कर हस्तांतरण’ म्हणजे वित्त आयोगाने ठरवलेला राज्यांचा वाटा. विकेंद्रीकरण म्हटलं की आपल्याला १९६२ च्या जिल्हा परिषदा आठवतात. तालुक्याला एक कृषी अधिकारी राज्याच्या खात्याचा, दुसरा पंचायत समितीचा, आणि कोणती योजना कोणाकडे हे विचारत शेतकरी दोन्ही कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवतो. स्कॉटलंडचं प्रकरण त्याहून मोठं आहे. तिथली संसद स्वतः कायदे करते. शेतीचा वेल्सचा कायदा २०२३ चा, स्कॉटलंडचा २०२४ चा.

आपल्याकडे नेमका शब्द पडून आहे : सोपीव. १९१९ च्या माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांत प्रांतांची खाती ‘राखीव’ आणि ‘सोपीव’ अशी वाटली होती. शेती सोपीव, म्हणजे लोकनियुक्त मंत्र्याकडे. जमीनमहसूल आणि पाटबंधारे राखीव, म्हणजे गव्हर्नरच्या हाती. जंगलखातं बहुतेक प्रांतांत राखीव, मुंबई इलाख्यात मात्र सोपीव! ही वाटणी ज्या नियमांनी झाली त्यांचं नावच ‘डिव्होल्यूशन रूल्स’. आणि स्कॉटलंडच्या १९९८ च्या कायद्यातही लंडनने स्वतःकडे ठेवलेल्या विषयांना ‘रिझर्व्ड’च म्हटलंय. जोडी आयती जुळते.

विचारणा करणारा : पण ‘सोपीव सरकार’ म्हणजे सरकारच कोणाला तरी देऊन टाकल्यासारखं वाटतं.

प्रतिसाद : खातं सोपीव, सरकार नव्हे. ‘सोपीव अधिकारांची सरकारं’ म्हणा, पुढे नावानेच लिहा. भारतातल्या राज्यांना मात्र हा शब्द लावू नका. आपली राज्यसूची संविधानातून आली आहे, संसदेने सोपवलेली नाही. म्हणून तर २०२० चे कृषी कायदे करताना केंद्राला समवर्ती (केंद्र-राज्य दोघांच्या) सूचीतल्या अन्नधान्य-व्यापाराच्या नोंदीचा आधार घ्यावा लागला. लंडनला असा आडमार्ग लागत नाही. १९७२ मध्ये त्यांनी उत्तर आयर्लंडचा कारभार सरळ आपल्या हाती घेतला होता.

प्रतिसाद : मला ‘सहकार्य’ हाच शब्द खटकतोय. युरोपीय संघात असताना शेतीची चौकट ब्रसेल्सहून यायची. संघ सोडायचा निर्णय झाल्यावर ठरलं, चौघांनी मिळून ‘समान चौकटी’ आखायच्या. ते चालू असतानाच डिसेंबर २०२० मध्ये लंडनने अंतर्गत बाजार कायदा केला. स्कॉटलंड-वेल्सने संमती नाकारली होती, तरी केला. एका भागात कायदेशीर विकता येणारी वस्तू दुसऱ्या भागातही विकता आली पाहिजे, असा त्याचा गाभा. स्कॉटलंडने रिकाम्या बाटलीवर २० पेन्स अनामत ठेवायची योजना आखली, तर तिलाही या कायद्यातून सूट मागावी लागली. मे २०२३ मध्ये सूट मिळाली ती काच वगळून. योजना लांबणीवर गेली. लेखात ‘सहकार्य’ लिहा, पण निदान एकदा ‘संमती’ही येऊ द्या.

प्रतिसाद : त्यावरून आठवलं, ‘सेवेल कन्व्हेन्शन’ला ‘नियम’ म्हणू नका, संकेत म्हणा. सोपीव विषयांवर त्या-त्या विधिमंडळाच्या संमतीशिवाय लंडनची संसद ‘सहसा’ कायदा करणार नाही, असा तो आहे. हा ‘सहसा’ गाळलात तर अर्थाचा अनर्थ. २०१७ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा राजकीय संकेत आहे, कोर्ट तो पाळायला लावणार नाही.

विचारणा करणारा : आणि ‘नॅशनल गव्हर्नमेंट’?

प्रतिसाद : ‘राष्ट्रीय’ टाळा, स्कॉटिश लोकही स्वतःला राष्ट्रच म्हणवतात. ‘लंडनचं सरकार’ बरं. इंग्लंडला वेगळं सरकार नाही, त्यामुळे लंडनचं पर्यावरण-अन्न खातं, डेफ्रा, इंग्लंडची शेतीही बघतं आणि चौघांच्या बैठकीत साऱ्या देशाच्या वतीनेही बसतं. ‘केंद्र’ लिहिलंत तर ही गोम हरवेल.

प्रतिसाद : एवढंच की नव्या वाचकाला ‘सोपीव’ म्हणजे सोपं वाटेल. पहिल्या वेळी ‘सोपवलेल्या अधिकारांची’ असं फोडून लिहा.