ढिगाऱ्यातून एक मूल वाचले, म्हणून देव दयाळू ठरतो का?

तर्कटी : ‘किल्लारीच्या भूकंपात काही दिवसांनी ढिगाऱ्याखालून एक चिमुरडी जिवंत निघाली, देवाच्या दयेचा याहून मोठा पुरावा कोणता हवा?’ असे कालच्या लेखात विचारले होते आणि त्याखाली हात जोडणाऱ्यांची रांग लागली होती. मला हात जोडून पुढे जाता आले नाही, म्हणून सविस्तर लिहितो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, आदल्या दिवशी अनंत चतुर्दशीचे विसर्जन करून दमून झोपलेली गावे काही सेकंदांत दगडमातीखाली गेली आणि दहा हजारांच्या आसपास माणसे दगावली. त्या मुलीला वाचवणारा हात देवाचा असेल, तर शेजारच्या घरातल्या मुलांच्या वेळी तो कोठे होता? वाचवता आले नाही म्हणावे तर तो सर्वशक्तिमान नाही आणि वाचवायचे नव्हते म्हणावे तर दयाळू नाही. श्रेय द्यायच्या वेळी देव आणि जाब विचारला की ‘त्याची लीला’, ही सोय मला मान्य नाही.

पांथस्थ : महाशय, हा प्रश्न जगात प्रथम आपणच विचारला असा आव आणू नका. वेदान्ताचा मूळ ग्रंथ असलेल्या ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात वैषम्य (पक्षपात) आणि नैर्घृण्य (निर्दयपणा) हे दोन्ही आक्षेप ईश्वरावर घेतले आहेत आणि ते खोडलेही आहेत. ईश्वर फळ देतो ते ज्याच्या त्याच्या कर्माप्रमाणे. शंकराचार्यांनी त्यावरील भाष्यात पावसाचा दाखला दिला आहे: पाऊस सगळीकडे सारखाच पडतो, काय उगवायचे ते बीजावर ठरते. शिवाय माझी आई कर्करोगाने गेली. शेवटपर्यंत हरिपाठ म्हणत होती, ‘मलाच का’ असे एकदाही म्हणाली नाही. आपल्या तर्काने तिला एक रात्र तरी स्वस्थ झोप लागली असती का?

तर्कटी : आपल्या आईंविषयी आदरच आहे, पण एखाद्या समजुतीने झोप लागते म्हणून ती खरी ठरत नाही. कर्माचा नियम ईश्वरालाही मोडता येत नसेल तर तो सर्वशक्तिमान कसला, आणि मोडता येत असूनही मोडत नसेल तर त्याची दया कोणासाठी राखून ठेवली आहे? आपल्याच परंपरेतले मीमांसक, म्हणजे वेदांतील कर्मकांडाचा अर्थ लावणारे पंडित, जगत्कर्त्या ईश्वरावाचून कर्मफळाची व्यवस्था लावतात. करुणेपोटी सृष्टी निर्माण केली म्हणता, पण सृष्टीपूर्वी दुःखी जीवच नव्हते, मग करुणा कोणावर, असे त्यांच्यातल्याच कुमारिल भट्टांनी विचारले होते. ते काही आमच्या विवेकवादी चळवळीचे कार्यकर्ते नव्हते.

वर्गणीग्रस्त : विसर्जनाचा विषय निघालाच आहे तर विचारतो, देव सर्वशक्तिमान आहे तर त्याला दरवर्षी माझ्या खिशातली वर्गणी आणि रात्रभर तो भिंती हादरवणारा डीजे का लागतो?

औसेकर : वर्गणीचे रडगाणे कृपया दुसरीकडे गा. आणि पांथस्थ, कर्माची भाषा किल्लारीच्या आमच्या औसा तालुक्यात येऊन बोलून दाखवा. माझी आत्या भूकंपाच्या त्या रात्री दोन मुलांसह गेली. घर होते काळ्या दगडाचे, चुना नाही, सिमेंट नाही, नुसत्या मातीत रचलेले, वर लाकडी फळ्यांचे पाटण आणि त्यावर माळवद, म्हणजे मातीचे सपाट छत. गळू नये म्हणून माळवदावर वर्षानुवर्षे माती चढवत गेले होते. ते ओझे आणि ती भिंत अंगावर आली. जेथे छत लाकडी खांबांवर तोललेले होते, तेथे पुष्कळदा भिंती बाहेर कोसळल्या आणि खणांचा, म्हणजे खांब-तुळयांचा, सांगाडा उभा राहिला. ज्यांना दगड परवडला नाही, ते कुडाच्या झोपडीत वाचले. हे कर्म की बांधकाम?

पांथस्थ : आपल्या दुःखाला धक्का लावण्याचा हेतू नव्हता. तरी झोपडीतला गरीब वाचला, यातही न्याय दिसत नाही का?

औसेकर : म्हणजे आत्याने पै पै जोडून दगडी घर बांधले हे तिचे पाप? अहो, आदल्या वर्षापासून किल्लारीत धक्के बसत होते आणि भूकंपाच्या सरकारी नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. तेव्हा कोणी ब्रह्मसूत्रे उघडायची नव्हती, गावात येऊन भिंती तपासायच्या होत्या.

तर्कटी : अभिनंदन. ईश्वराच्या बचावाचा या चर्चेतला एकमेव सबळ युक्तिवाद औसेकरांनी केला आणि तोही त्याचे नाव न घेता. माणसे भिंतींनी मारली आणि भिंती माणसांनी रचल्या, इतके मान्य. जमीन मात्र गवंड्याने हलवली नव्हती.

पांथस्थ : तेवढे तरी मान्य केलेत, उपकार झाले. मीही इतके मान्य करतो की लहान मुलांच्या बाबतीत कर्माचे उत्तर तोंडावर देऊ नये.

औसेकर : तोंडावर नाही आणि पाठीमागेही नाही. जमीन कोणी हलवली ते तुम्ही दोघे ठरवा. भूकंपानंतर वसवलेली नवी गावे शहरातल्या वसाहतीसारखी सरळ ओळींत आखली, त्यावर मी वेगळा धागा काढतो आहे. तेथे कर्म आणि कुमारिल दोघांनाही बंदी राहील.