मदत हवी आहे: सोलापुरी काकूंच्या खानावळीसाठी जेम्स बिअर्ड पुरस्काराची शिफारस कशी लिहू?

शेंगाचटणी

नमस्कार मंडळी,

मी न्यू जर्सीत राहते. भारतीय दुकानांसाठी प्रसिद्ध असलेल्या ओक ट्री रोडपासून पंधरा-वीस मिनिटांवर दुकानांची एक जुनी रांग आहे. तिथे लाँड्री आणि विमा एजंटाचं ऑफिस यांच्या मधे एक चौदा खुर्च्यांची खानावळ आहे. चालवणाऱ्या काकू मूळच्या सोलापूरच्या. नाव मुद्दाम देत नाही, कारण त्यांना मी अजून काहीच विचारलेलं नाही.

फळ्यावर मोजून सात-आठ पदार्थ असतात. ज्वारीची भाकरी, पिठलं, मटकीची उसळ, उखळात कुटलेली शेंगाचटणी, शुक्रवारी धपाटे, रविवारी बाजार आमटी. पनीर नाही, नान नाही. सुरुवातीला लोक येऊन "बटर चिकन नाही?" विचारायचे आणि निघून जायचे. आठ वर्षं झाली, काकूंनी फळा बदलला नाही.

आता मुद्द्याचं. जेम्स बिअर्ड पुरस्कार तुम्हाला माहीत असतील. अमेरिकेतल्या स्वयंपाक्यांसाठी आणि रेस्टॉरंटांसाठी याहून मोठा मान नाही. १९९१ पासून देतात. रोख रक्कम मिळत नाही, अमेरिकन पाककलालेखक जेम्स बिअर्ड यांचा चेहरा कोरलेलं पदक मिळतं. शरद ऋतूत शिफारशी मागवतात आणि त्या कुणीही पाठवू शकतं, म्हणजे माझ्यासारखं नुसतं जेवायला जाणारं माणूससुद्धा. दसरा होऊन गेला, दिवस थोडे उरलेत. मला काकूंसाठी शिफारस पाठवायची आहे आणि चार दिवस मी कोऱ्या रकान्यासमोर बसले आहे.

पहिली अडचण, विभाग कोणता निवडू? 'सर्वोत्तम शेफ'मध्ये प्रदेशवार विभाग आहेत, 'उत्कृष्ट रेस्टॉरंट' वेगळं. काकू स्वतःला शेफ म्हणत नाहीत. "मी भाकऱ्या करते," एवढंच म्हणतात.

दुसरी अडचण जास्त मोठी आहे. भाकरी समजावून कशी सांगू? मी आठवडाभर त्यांच्या ओट्यापाशी उभी राहून बघितलं. परातीत एका भाकरीपुरतंच पीठ घेतात, मधे खळगा करून कढत पाणी ओततात. वाफ जिरली की तळहाताच्या टाचेने रगडून मळतात, पिठावर काही क्षण बोटं टेकवून अंदाज घेतात, मग थापायला सुरुवात. दोन्ही हातांवर उचलून तव्यावर, वरून पाण्याचा हात. ते पाणी पुरतं सुकायच्या आत उलथायची, आणि शेवटी थेट जाळावर. टम्म फुगून पापुद्रा सुटला की पहिली वाफ बाहेर पडते, आणि त्या वासाने मला दर वेळी आजीचं घर आठवतं.

इथे पाकिटातलं पीठ कित्येक महिने जुनं असतं. त्याची विरी, म्हणजे पीठ एकसंध धरून ठेवणारा गुण, गेलेली असते, थापताना कडा चिरतात. म्हणून काकू अख्खी ज्वारी पोत्याने आणतात, बहुतेक कॅन्ससची, आणि दर दोन दिवसांनी स्वतः दळतात. अमेरिकेत सर्वात जास्त ज्वारी कॅन्ससमध्येच पिकते, पण तिथून न्यू जर्सीला येऊन तिची सोलापुरी भाकरी होते हे किती जणांना ठाऊक असेल? हे सगळं मला लिहायचं आहे. पण लिहायला बसलं की हात आपोआप "टॉर्टियासारखी", "पोलेंटासारखं पिठलं" असं काहीतरी लिहितो आणि मग सगळं खोडावंसं वाटतं.

तिसरी गोष्ट लिहिताना जीवावर येतं. गेल्या वर्षी काकूंना ईमेल आला, "अभिनंदन, परिसरातल्या सर्वोत्तम खानावळीसाठी तुमची निवड झाली आहे." फलक हवा असेल तर पैसे भरा. काकूंनी जवळजवळ चारशे डॉलर भरले. फलक आला, त्यावर आडनाव चुकलेलं. तरी त्यांनी तो गल्ल्यामागे लावला, हळदीकुंकू वाहिलं. दोन आठवड्यांनी लाँड्रीवाल्याने सांगितलं की तस्साच ईमेल त्यालाही आला होता. त्या रात्री काकूंनी फलक उतरवून पिठाच्या डब्यांमागे सरकवला. तेव्हापासून कुणी 'पुरस्कार' म्हटलं की त्या विषय बदलतात. म्हणूनच आधी विचारू, की न विचारता पाठवू, हाही प्रश्न आहे.

कुणी अशी शिफारस पाठवली आहे का? कुणी हॉटेलच्या धंद्यात आहे का? कृपया सांगा.

फिलीकर

शेंगाचटणी, नक्की पाठवा. तुमची अडचण आहे तेवढी मोठी नाही.

विभाग: 'सर्वोत्तम शेफ, मिड-अटलांटिक'. न्यू जर्सी त्यातच येतं, सोबत पेनसिल्व्हेनिया, डेलावेअर, मेरीलँड, व्हर्जिनिया आणि राजधानी वॉशिंग्टन. म्हणजे स्पर्धा फिलाडेल्फिया आणि वॉशिंग्टनच्या बड्या जागांशी आहे, हे खरं. पण याच विभागात २०२२ साली कोण जिंकलं ते बघा. क्रिस्टिना मार्टिनेझ, आमच्या दक्षिण फिलाडेल्फियातल्या. मेक्सिकोहून आलेल्या, कागदपत्रं नसलेल्या. सुरुवात स्वतःच्या घरातून मटण विकून केली. त्यांच्याकडे मुख्य पदार्थ एकच, बार्बाकोआ: रात्रभर शिजवलेलं मेंढीचं मटण आणि हाताने केलेल्या मक्याच्या टॉर्टिया. मी तिथे रविवारी सकाळी रांगेत उभा राहिलो आहे. पांढरं टेबलक्लॉथ वगैरे काही नाही. पुढच्या वर्षी, २०२३ ला, त्याच विभागात 'कलाया'च्या नोक सुंतरानोन जिंकल्या. दक्षिण थायलंडचं जेवण, रेस्टॉरंटला आईचं नाव, आणि तिखट तिथल्यासारखंच जहाल.

त्यामुळे "मी फक्त भाकऱ्या करते" हे तुमच्या काकूंचं वाक्य आड येणारं नाही.

प्रक्रिया थोडक्यात: शिफारशी हे मतदान नाही. शंभर जणांकडून फॉर्म भरून घ्यायच्या भानगडीत पडू नका. शिफारशी समितीपुढे जातात, जानेवारीत प्रत्येक विभागात वीस नावांची यादी येते, वसंतात त्यातली पाच उरतात आणि जूनमध्ये शिकागोच्या लिरिक ऑपेरात निकाल लागतो. शिफारस करायला पैसे लागत नाहीत. शुल्क असतं ते पुस्तकं, लेख, कार्यक्रम यांच्या माध्यम पुरस्कारांना, ती वेगळी शाखा आहे. "निवड झाली, आता फलकाचे पैसे भरा" असं कुणी म्हणालं तर ते बिअर्डवाले नव्हेत. काकूंना हे स्पष्ट सांगा.

नगरची लेक

'चाय पानी'चं नाव अजून कुणी कसं घेतलं नाही! नॉर्थ कॅरोलायनातल्या अ‍ॅशव्हिलचं हे रेस्टॉरंट २०२२ साली 'उत्कृष्ट रेस्टॉरंट' ठरलं, म्हणजे साऱ्या देशातून एक. चालवणारे मेहेरवान इराणी आमच्या नगरला वाढलेले. २००९ साली उघडलं तेव्हा फळ्यावर भेळ, वडापाव असलं गाडीवरचं खाणं होतं. २०२२ लाच न्यूयॉर्क राज्याच्या विभागात 'धमाका'चे चिंतन पंड्या जिंकले, ते मुंबईचे. त्या जूनमध्ये आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दिवसभर दुसरं काही चाललंच नव्हतं.

पण ताई, एक सांगते. इराणींचं नाव त्याआधी कित्येकदा यादीत येऊन गेलं होतं, पदक नंतर मिळालं. यंदा काकूंचं नाव कुठेच आलं नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा पाठवा.

हातवाटी

मी शिकागोत रेस्टॉरंटच्या किचनमध्ये अकरा वर्षं आहे. फिलीकरांनी नियम सांगितले, मी ओट्यामागचं सांगते.

परीक्षक सांगून येत नाहीत. बिल भरून, साध्या गिऱ्हाइकासारखे जेवून जातात. म्हणून शिफारस पाठवण्याआधी एक काम करा, काकूंचं नेटवरचं पान तपासा. वार, वेळ, पत्ता, फोन. मंगळवारी बंद असेल आणि तिथे उघडं दिसत असेल तर दोन तास गाडी चालवून आलेला माणूस कुलूप बघून परत जाईल. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. फळ्याचा ताजा फोटो टाका. धपाटे शुक्रवारी, आमटी रविवारी हे ठळक लिहा. आणि काकूंना सांगा, परीक्षकांसाठी म्हणून एकही नवा पदार्थ करायचा नाही.

लिहिण्याबद्दल. 'अप्रतिम', 'अस्सल', 'घरगुती चव' हे सगळं काढून टाका, प्रत्येक शिफारशीत तेच असतं. तुम्ही वर विरीबद्दल आणि दोन दिवसांच्या दळणाबद्दल लिहिलंय, तीच तुमची शिफारस. मी तो परिच्छेद दोनदा वाचला. शेफला वाचून दाखवला, तो म्हणाला ही बाई कुठे आहे, मला जायचंय.

पदार्थांची नावं बदलू नका. न्यूयॉर्कच्या 'सेम्मा'त नत्तै पिरट्टल आहे, भाताच्या शेतातल्या गोगलगायींची तमिळ भाजी. गरिबाघरचं खाणं. त्यांनी तिला फ्रेंच नाव दिलं नाही. २०२५ साली तिथले विजय कुमार न्यूयॉर्क राज्याचे सर्वोत्तम शेफ ठरले आणि वेष्टी (तमिळ धोतर) नेसून पदक घ्यायला गेले. भाकरीला भाकरीच म्हणा. नंतर एका वाक्यात ती कशाची आणि कशी करतात ते सांगा. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, तेही घाला. म्हणजे हे नुसतं बिनग्लुटेनचं पीठ नाही, एका मुलखाचं धान्य आहे हे वाचणाऱ्याला कळेल.

माजघर

माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नका. आधी काकूंना विचारा.

माझ्या बहिणीची ओहायोत छोटी बेकरी आहे. एका पेपरात कौतुक छापून आलं आणि तीन शनिवार रस्त्यापर्यंत रांग. रोजची म्हातारी मंडळी रांग बघून परत जायची. बहीण पहाटे दोनला उठून कणीक भिजवायची. चौथ्या आठवड्यात मनगट सुजलं, डॉक्टरांनी महिनाभर हात हलवू नको म्हणून सांगितलं. भाकरीला तर यंत्रही नाही. एका वेळी एक भाकरी असं तुम्हीच लिहिलंय. चौदा खुर्च्यांच्या चाळीस झाल्या तर थापायचं कुणी?

शिफारस करू नका असं मी म्हणत नाही. पण हात त्यांचे आहेत.

शेंगाचटणी

सगळ्यांचे मनापासून आभार. माजघर, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही. सकाळीच गेले. दुकान उघडायचं होतं, काकू मळत होत्या. मी सगळं सांगितलं, क्रिस्टिना मार्टिनेझबद्दल, नगरच्या इराणींबद्दल, रांगांबद्दलसुद्धा.

त्यांनी आधी विचारलं, "किती भरायचे?"

म्हटलं, काही नाही.

"आणि फलक?"

म्हटलं, फलक नसतोच. मिळालंच तर पदक मिळतं, आणि ते विकत मिळत नाही.

बराच वेळ काही बोलल्या नाहीत. दोन भाकऱ्या झाल्या. मग आत बघून म्हणाल्या, "हिचंही नाव लिहिणार असशील तर लिही." पाच वर्षांपासून त्यांच्याकडे ग्वाटेमालाची एक बाई आहे. मी तिला भांडी आणि चिराचिरी करतानाच बघितलं होतं. काकू म्हणाल्या, गेल्या हिवाळ्यात माझा खांदा धरला होता तेव्हा दोन महिने भाकऱ्या हिनेच थापल्या, कुणाला फरक कळला नाही. मग तिने माझ्यासमोर एक थापली. कडा काकूंपेक्षाही सारख्या. मक्याच्या टॉर्टिया ती लहानपणापासून हातावर थापत आली आहे, म्हणाली पहिल्या दिवशी पिठाला हात लावला तेव्हाच ओळखीचं वाटलं, फक्त हे पीठ जास्त रुसतं. म्हणजे माजघरताईंच्या प्रश्नाचं निदान अर्धं उत्तर ओट्यापाशीच होतं आणि आठवडाभर तिथे उभी राहून मला ते दिसलं नव्हतं.

रांग लागली तर काय, हेही काकूंनी ठरवून टाकलं. दिवसाच्या भाकऱ्या ठरलेल्या, संपल्या की फळा पुसायचा. खुर्च्या चौदाच.

नेटवरचं पान तपासलं. हातवाटी, तुम्ही म्हणालात तसंच निघालं, मंगळवारी उघडं दाखवत होतं. दुरुस्त केलं. फळ्याचा फोटो टाकला.

शिफारशीची सुरुवात आता अशी केली आहे, इथे मराठीत देते: "ही खानावळ चौदा खुर्च्यांची आहे. इथली भाकरी ज्वारीची असते. ज्वारी इथेच दर दोन दिवसांनी दळली जाते, कारण शिळ्या पिठाची भाकरी थापता येत नाही. दोन बायका ती हाताने थापतात, एक सोलापूरची, एक ग्वाटेमालाची." पुढे पिठलं, चटणी, रविवारची आमटी. विशेषण एकही नाही.

एका शब्दापाशी मात्र अडले आहे. 'विरी'ला इंग्रजीत काय म्हणू? 'चिकटपणा' म्हटलं तर चुकतं, विरी म्हणजे नुसतं चिकटणं नाही. ताज्या पिठाला असते, जुन्याची जाते, आणि हात लावला की कळते. शब्द तसाच ठेवून पुढे अर्थ लिहू का? शनिवारपर्यंत पाठवायचं ठरवलंय, त्याआधी कुणाला काही सुचलं तर नक्की लिहा.