जीवाणूंचा 'रोध' आणि जीवाणूंचा 'तग'

प्रश्न: एका आरोग्य-पुस्तिकेचं भाषांतर करतेय. त्यात जीवाणू औषधाने का मरत नाहीत हे सांगताना 'रेझिस्टन्स' आणि 'टॉलरन्स' एकाच परिच्छेदात आलेत. मी 'प्रतिकारशक्ती' आणि 'सहनशीलता' असं लिहिलं. आईला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, "प्रतिकारशक्ती वाढली तर चांगलंच की!" आता काय लिहू?

उत्तर: ताई, आईंनी नेमकी चूक पकडली. प्रतिकारशक्ती माणसाची, ती जीवाणूला देऊ नका. या शब्दामुळेच 'शरीराला औषधाची सवय झाली' असा समज पसरतो. बदललेला असतो तो जीवाणू. त्यासाठी 'रोध' लिहा, 'रोधी जीवाणू'. बोलताना आपण 'औषधाला दाद देत नाही' म्हणतोच.

'सहनशीलता' हा गुण वाटतो. मला 'तग' बरा वाटतो. पाऊस ओढ देतो तेव्हा ज्वारी वाढत नाही, पण मरतही नाही, तग धरते. अन्न संपलेला जीवाणू तेच करतो. पेनिसिलीन जीवाणूची भिंत बांधली जात असताना घाव घालतं. बांधकामच थांबलं असेल, तर घाव बसणार कुठे? 1944 साली जीवाणूशास्त्रज्ञ जोसेफ बिगर यांना दिसलं की पेनिसिलीननंतरही थोडे स्टॅफिलोकॉकस जीवाणू उरतात, पण त्यांची पुढची पिढी त्याच औषधाने मरते. रोध असता तर तो पुढच्या पिढीतही उतरला असता, म्हणजे तो रोध नव्हता. बिगर यांनी त्यांना 'पर्सिस्टर' म्हटलं.

आणखी एक उत्तर: मी लॅबमध्ये प्लेटा लावते (बशीत जीवाणू वाढवून औषधं तपासते), म्हणून थोडी भर घालते. 2011 मध्ये प्रयोगात तग धरलेल्या ई. कोलाय जीवाणूंना जेंटामायसिन या प्रतिजैविकाबरोबर मॅनिटॉल (साखरेसारखा पदार्थ) किंवा ग्लुकोज दिलं, तेव्हा ते मेले. साखर मिळाली की पेशीच्या आवरणावरचा विद्युतदाब वाढतो आणि त्या ओढीने औषध आत शिरतं. (हे प्रयोगशाळेतलं आहे. गोळीबरोबर साखर खाण्याचा सल्ला कृपा करून कुणी काढू नये.)

उलटंही होतं. ट्रायमेथोप्रिम हे प्रतिजैविक जीवाणूचं थायमिडीन (डीएनएसाठी लागणारा घटक) बनवणं बंद पाडतं. जीवाणू ज्यावर वाढवतात त्या माध्यमातच ते आयतं मिळालं, तर औषध वाया. अशी प्लेट मी पाहिली आहे: डिस्कभोवतीचं (औषध लावलेल्या कागदी चकतीभोवतीचं) वर्तुळ स्वच्छ हवं, तिथे धुरकट पापुद्रा पसरलेला. रिपोर्टमध्ये त्या जीवाणूला 'रोधी' लिहिलं, तर चुकीचं औषध निवडलं जाईल. म्हणून या चाचणीच्या माध्यमात, म्युलर-हिंटन आगरमध्ये, थायमिडीन कमीच ठेवतात. पूमध्येही मेलेल्या पेशींतून ते सुटतं, तेव्हा हा प्रश्न प्लेटीपुरता नाही. यासाठी नवा शब्द घडवू नका. 'आयतं अन्न मिळाल्याने औषध निष्प्रभ' हे सरळ कळतं.

प्रश्न: 'रोध' आणि 'तग' करून टाकते. 'पर्सिस्टर'ला 'उरलेले' की 'तगलेले'?

उत्तर: 'तगलेले'. 'उरलेले' म्हटलं की नुसते हातून सुटले असं वाटतं. हे आपलं कामकाज मंद करून राहिलेले असतात.