पेट्रोलची लाईन: सलग स्टीलची नळी की जाळीचा होज?

मिशिगनकर

डेट्रॉईटजवळ माझ्या गॅरेजात १९३२ ची फोर्ड चार महिने स्टँडवर उभी आहे. इंजिन शेव्हीचं, म्हणजे शेव्हरोलेचं, ३५० (घन इंच). (फोर्डच्या घरात शेव्हीची सून. शेव्हीचं स्मॉल ब्लॉक व्ही-८ इंजिन १९५५ साली आलं तेव्हापासून हॉट रॉडवाल्यांकडे, म्हणजे जुन्या गाडीत दमदार इंजिन बसवणाऱ्यांकडे, हे लग्न लागतंच आहे.) आता पेट्रोलच्या लाईनपाशी गाडं अडलंय आणि जो तो वेगळं सांगतोय, म्हणून माझं मत मांडतो. कोणाला पटत नसेल तर कारण सांगून भांडा.

मागच्या टाकीपासून पुढच्या पंपापर्यंत एकच सलग स्टेनलेसची नळी, तीन सुताची, म्हणजे ३/८ इंच. होज, म्हणजे लवचिक नळी, फक्त दोन जागी, टाकीपाशी आणि पंपापाशी, वीत-वीतभर. इंजिन रबरी माउंटवर डुलतं, चासी डुलत नाही; त्या दोघांच्या मध्ये कडक नळी ठेवली तर ती आज ना उद्या तडकते. तेवढं सोडून बाकी लांबीत होज लावणं हा निव्वळ आळस.

आता मार्ग. '३२ च्या चासीची बाहेरची बाजू उघडी दिसते, कंपनीने तिच्यावर उठाव दाबून तिला गाडीच्या रूपाचाच भाग केलंय. तिथे क्लॅम्प मारणाऱ्याला माझ्या गॅरेजात चहा मिळणार नाही. मी रेलला, म्हणजे चासीच्या लांब आडणीला, आतून बॉक्सिंगची प्लेट मारलीय; उघडी बाजू बंद होऊन पेटी तयार होते. नळी त्या प्लेटवरून, उजव्या अंगाने, कारण शेव्हीचा मेकॅनिकल पंप उजवीकडे पुढे असतो आणि ब्रेकच्या लाईन मी डावीकडून नेल्यात. दर फुटा-सव्वा फुटाला रबर लावलेला क्लॅम्प. बॉक्सच्या पोटातून नळी नेणारे खूप आहेत, फोटोत छान दिसतं. पण आत घासली तर कळणार कसं?

जाळीवाला

काका, ते १९६५ साल होतं. आता टेफ्लॉनच्या अस्तराचा, वर स्टीलची जाळी असलेला होज मिळतो. मी माझ्या गाडीत टाकीपासून थ्रॉटल बॉडीपर्यंत एका दुपारी लावला. माझ्याकडे कार्बोरेटरऐवजी इंजेक्शन आहे, ५८ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाब. तुमचा कार्बोरेटर सहावर चालतो, तरी एवढा सोवळेपणा! वीस फुटांचं वेटोळं सरळ करायचं, तेरा ठिकाणी वाकवायचं, आणि बाराव्या वाकणाला चूक झाली की अख्खी नळी भंगारात. हे मी एकदा भोगलंय.

एकच पथ्य: अस्तर काळं घ्या, कार्बन घातलेलं. साध्या पांढऱ्या टेफ्लॉनमध्ये पेट्रोल वाहताना स्थिर वीज साठते आणि ठिणगी अस्तराला टाचणीएवढं भोक पाडू शकते.

अवनी_टिग

मी वेल्डिंगवाली, मला दोन्ही बाजूंशी देणंघेणं नाही. पण दादा, नळीच्या टोकाला फ्लेअर, म्हणजे फाकवलेली कड, कोणता करणार ते आधी सांगा. ब्रेकच्या कामाचं ४५ अंशाचं हत्यार घरात असतंच, लोक तेच वापरतात आणि ३७ अंशाच्या एएन फिटिंगला (विमानांच्या मापाच्या जोडाला) जोडतात. नट छान आवळला जातो, बसल्यासारखा वाटतो, आणि पहिल्या उन्हाळ्यात पाझरतो. स्टेनलेसला ३७ चा सिंगल फ्लेअर आणि मागे स्लीव्ह. डबल करायला गेलात तर कडा चिरतात.

मिशिगनकर

अवनीताई, ३७ च. त्याचं वेगळं हत्यार उसनं आणलंय.

जाळीवाले, तुमची जाळी ही कानस आहे. जिथे टेकेल तिथे घासते. माझ्या आधीच्या गाडीत ती ट्रान्समिशनच्या ॲल्युमिनियमच्या घराला टेकत होती; दोन सीझनमध्ये तिथे बोट बसेल अशी खाच पडली होती. आणि त्या होजला आतून साधं रबर होतं. गॅरेजात रोज सकाळी वास, थेंब कुठेच नाही. शेवटी होज काढून कापला तर आतलं रबर भिजलेल्या खारकेसारखं. इथल्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल. जाळीमुळे बाहेरून काही म्हणजे काही दिसलं नाही.

जाळीवाला

ती चूक रबराची, होजची नाही. मी टेफ्लॉन म्हणालो होतो.

आणि खरा मुद्दा तुम्ही टाळताय. तुमचा पंप पुढे, टाकी मागे. म्हणजे दहाएक फूट लाईन ओढीवर आहे, दाबावर नाही. ओढीवरचं पेट्रोल कमी तापमानालाच उकळतं. ऑगस्टमध्ये डेट्रॉईटच्या वुडवर्ड रस्त्यावर मुंगीच्या चालीने निघालात की उजव्या हेडरशेजारी, म्हणजे इंजिनाच्या तापलेल्या धुराच्या नळ्यांशेजारी, तुमची ती देखणी नळी वाफेने भरणार आणि गाडी बंद. त्यात ओढीच्या बाजूला बारीक भोक पडलं तर थेंबही पडत नाही, हवा आत जाते. शोधत बसा मग. टाकीपाशी इलेक्ट्रिक पंप लावा, निम्मा वाद संपतो.

चाकणची_चाकरी

मी कारखान्यात फ्युएल सिस्टिमवर काम केलंय. नव्या गाड्यांत बरीचशी लाईन नायलॉनची असते, चिमट्याच्या जोडांसकट. तुम्ही दोघंही पुरातत्त्व खात्यात आहात.

अवनी_टिग

कारखान्यात ती लाईन हेडरपासून किती दूर ठेवायची हे आधी ठरवलेलं असतं, साहेब. इथे हेडर गेल्या शनिवारी ठरलाय.

कोल्हापुरी_पाना

माझी जुनी जीप आहे, हॉट रॉड नाही, तरी विचारतो. आमच्याकडे आता पंपावर ई-२० (वीस टक्के इथेनॉल) च मिळतं, आमच्याच उसाचं इथेनॉल आमच्याच रबराला खातंय. होजवर नुसतं 'फ्युएल' छापलंय. चालेल का?

मिशिगनकर

'फ्युएल' वर जाऊ नका राव, एसएईचा, म्हणजे वाहन अभियंत्यांच्या संस्थेचा, नंबर बघा. जे-३० आर-६ हा जुन्या कार्बोरेटरच्या जमान्याचा. आर-९ ला आतून फ्लोरोइलॅस्टोमरचं (खास टिकाऊ रबराचं) अस्तर असतं, तो इथेनॉलला टिकतो. नंबरच नसेल तर बदला. आणि नळीच्या टोकाला बारीक गोट (फुगीर कड) काढा, नाहीतर होज सरकतो. डबल फ्लेअरच्या हत्याराची नुसती पहिली पायरी केली की गोट तयार.

जाळीवाले, ओढीचं बरोबर आहे, ते मी कमी लेखलं होतं. पण इलेक्ट्रिक पंप अपघातानंतरही ओततच राहतो. लावलाच तर ऑइल प्रेशरच्या स्विचमधून, म्हणजे इंजिन थांबलं की पंप थांबेल. नळी मात्र स्टीलचीच.

जाळीवाला

झटक्याने तुटणारा इनर्शिया स्विचही घाला, दोन्ही असू देत. आणि हेडरपाशी?

मिशिगनकर

तिथे नळी रेलच्या खालच्या कडेला उतरवतोय, मध्ये पत्रा, पत्रा आणि नळीत बोटभर हवा.

जाळीवाला

खालच्या कडेला? स्पीडब्रेकर आधी तिलाच भेटेल. वर घ्या.

कोल्हापुरी_पाना

खाली जाऊन होज कोरड्या फडक्याने पुसला. फडकं काळं, वास पेट्रोलचा. नंबर कुठेच नाही. जीप आज पार्किंगमध्येच.