नागोयाला मशीन ट्रायलसाठी जातोय, सल्ला हवा

भोसरी_एमआयडीसी:
नमस्कार मंडळी. नोव्हेंबरमध्ये कंपनीतर्फे जपानला जायचंय. नागोयाजवळ कारियाला आमचं नवं ग्राइंडिंग मशीन तयार होतंय. डिस्पॅचच्या आधी तिथे ट्रायल घेऊन सही करून यायचं आहे. सोबत आमचे प्लँट हेड. मी मेंटेनन्सचा माणूस, पहिलाच परदेश प्रवास, त्यात शाकाहारी (अंडं चालतं, पण आईला सांगू नका). यूट्यूबवर सगळे कमरेत किती वाकायचं तेवढंच सांगतात. ट्रायलला काय बघावं, जेवणाचं काय करावं, आणि रविवार मोकळा आहे तर कुठे जावं? जाणकारांनी प्रकाश टाकावा. आगाऊ धन्यवाद.

तीन_फेज:
वाकण्याबिकण्याचं सोडा. व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी द्या-घ्या, मिळालेलं लगेच खिशात न कोंबता टेबलावर समोर ठेवा, झालं.

खरी गोष्ट वीज. नागोया ६० हर्ट्झवर चालतं, आपण ५० वर. (तोक्यो मात्र ५०. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तोक्योने जर्मन जनरेटर घेतले, ओसाकाने अमेरिकन. आजही फुजी नदीच्या अलीकडे-पलीकडे वेगवेगळी फ्रिक्वेन्सी आहे.) शिवाय तिथे कारखान्यात थ्री फेज म्हणजे २०० व्होल्ट, आपल्याकडे ४१५. त्यासाठी ट्रान्सफॉर्मर येतो, त्याचा केव्हीए (म्हणजे क्षमता) तेवढा तपासा. पण ट्रान्सफॉर्मरने फ्रिक्वेन्सी बदलत नाही. सर्वो मोटर आणि ड्राइव्हवरचा स्पिंडल यांचा वेग इलेक्ट्रॉनिक्स ठरवतं, त्यांना फरक पडत नाही. कूलंट (घासताना गार ठेवणारं द्रव) पंप आणि हायड्रॉलिकची मोटर थेट लाइनवर असेल तर मात्र भोसरीत ती १७ टक्के हळू फिरणार. सेंट्रिफ्युगल पंपाचा फ्लो त्याच प्रमाणात घटतो, हेड (पंप द्रव किती उंच चढवतो ते) वेगाच्या वर्गाने, म्हणजे जवळपास ३० टक्के. ग्राइंडिंगला कूलंट कमी पडला की जॉब (घासायचा भाग) जळतो. तिथे चकाचक आलेलं फिनिश इथे येत नाही, मग व्हीलला शिव्या, ऑपरेटरला शिव्या. नेमप्लेटचे फोटो आत्ताच मागवा. ५० हर्ट्झवर किती प्रेशर मिळेल ते लेखी घ्या. जमलं तर इन्व्हर्टर (घरातला बॅटरीवाला नव्हे, फ्रिक्वेन्सी बदलणारा) लावून पंप ५० वर चालवून दाखवा म्हणावं.

कैझन_काकू:
लेखीबद्दल दहादा सहमत. प्रश्नांची यादी दोन आठवडे आधी पाठवा, ड्रॉइंग नंबर, टॉलरन्स, फोटो सगळं घालून. ऐन बैठकीत नवा मुद्दा काढलात तर समोरचे सगळे गप्प बसतील, एकमेकांकडे बघतील आणि तुम्हाला चहा पाजतील. त्यांना उत्तर येत नसतं असं नाही. डिझाइन, असेंब्ली, क्वालिटी अशा सगळ्यांशी आधी वेगवेगळं बोलून झालेलं असतं, मीटिंगमध्ये फक्त शिक्का मारायचा असतो. यादी आधी गेली की प्रत्येक ओळीपुढे उत्तर भरलेली एक्सेल शीट तयार मिळते. तुमचे प्लँट हेड ‘तिथे गेल्यावर बघून घेऊ’ म्हणणाऱ्यांपैकी असतील तर त्यांना विमानातच समजवा.

शॉप फ्लोअरवर फोर्कलिफ्टची वाट ओलांडताना सोबतचा माणूस थांबेल, बोटाने उजवीकडे, मग डावीकडे दाखवेल आणि मगच पाऊल टाकेल. कोणी बघत नसलं तरीही. हसू नका, तुम्हीही करा. फोनच्या कॅमेऱ्यावर बहुधा गेटवरच स्टिकर लागेल, तेव्हा खिशात वही ठेवा आणि फोटो त्यांच्याकडूनच मागा. मोजे फाटके नकोत, हे वेगळं सांगायला नको.

मेतकूटभात:
जेवणाचं मी सांगतो. मांस नको एवढं सांगून भागत नाही, कारण मासा दिसत नाही. तो रश्श्यात असतो. मिसो सूप, उदोन, वांग्याची भाजी, सगळ्यात दाशी, म्हणजे बहुतेकदा सुकवलेल्या बोनितो माशाचा अर्क. साधं टोफू मागवलं तरी वर त्याच माशाचे कागदासारखे पातळ काप. गरम पदार्थावर ते वाफेने वळवळतात, पहिल्यांदा बघणारा दचकतोच. ‘दाशी नको’ हे जपानीत छापून जवळ ठेवा.

हॉटेलच्या खोलीत किटली असते. कोपऱ्यावरच्या सेव्हन-इलेव्हनमध्ये शिजवलेल्या भाताचा डबा मिळतो, तो काउंटरवर गरम करून देतात. त्यावर घरचं मेतकूट आणि लोणचं. रात्र निघते. कोको इचिबान्याच्या काही शाखांत शाकाहारी करी मिळते, आणि ती साखळी मुळात आयचीचीच, म्हणजे नागोयाच्याच प्रांतातली. फळं, ताज्या भाज्या बॅगेत नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात. रात्रीच्या पार्टीत दारू नको असेल तर थंड ऊलाँग चहाचा ग्लास उचला, कोणी आग्रह करत नाही.

भोसरी_एमआयडीसी:
बाप रे, कूलंटचं डोक्यातच नव्हतं. आजच मेल टाकतो. साहेब रेल्वेचा पास काढू म्हणतायत, काढावा का? आणि सर्दीच्या गोळ्या नेल्या तर चालतात ना?

कुर्ला_ते_कोबे:
पास अजिबात नको. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा पास २९,६५० वरून थेट ५०,००० येन झाला. नागोया-कारिया रोजचं जाणं-येणं साध्या लोकलचं आहे, कार्ड टॅप करा आणि जा. गोळ्यांवरचे घटक वाचा. स्यूडोएफेड्रिन ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त असेल तर बंदी आहे, कोडीनवाल्या खोकल्याच्या औषधावरही मर्यादा आहे. साधी पॅरासिटामॉल न्या.

रविवारी क्योटो. नोझोमी बुलेट ट्रेनने जेमतेम पस्तीस-चाळीस मिनिटं.

तीन_फेज:
नोव्हेंबरात क्योटोला? लाल पानं बघायला अख्खा जपान तिथे लोटलेला असतो. त्यापेक्षा नागोयातच टोयोटाचं उद्योग-तंत्रज्ञान संग्रहालय बघा, जुन्या कापड गिरणीच्या लाल विटांच्या इमारतीत आहे. साकिची तोयोदांचा १९२४ चा जी टाइप माग तिथे चालवून दाखवतात. धागा तुटला की माग आपोआप थांबतो, आणि शटल मात्र चालू मागावर बदललं जातं. मेंटेनन्सवाल्याचा अर्धा दिवस तिथेच जाईल. सोमवारी बंद असतं, पण तुमचा रविवार आहे.

कुर्ला_ते_कोबे:
घरच्यांना फोटो मागाचे पाठवणार का मग? :)

भोसरी_एमआयडीसी:
अपडेट: नेमप्लेटचे फोटो आले. कूलंट पंपावर ५०/६० हर्ट्झ दोन्ही छापलंय. म्हणजे काळजी नाही ना?

तीन_फेज:
आहे. त्याचा अर्थ मोटर दोन्हीवर चालते एवढाच. खाली फ्लो आणि हेडचे दोन-दोन आकडे असतील, त्यातला ५० चा वाचा आणि तोच यादीत टाका.