स्वस्त डॅक घ्यायचाय: जुना अँप्लिफायर, टीव्ही आणि लॅपटॉप

कानसेन_नवा
डॅक, म्हणजे डिजिटल आवाज अँप्लिफायरला चालेल अशा सिग्नलमध्ये बदलणारा डबा, घ्यायचाय. अँप्लिफायर ऐंशीच्या दशकातला, भारतीय बनावटीचा. मागे आरसीए (लाल-पांढरी गोल सॉकेटं) नाहीत, पाच पिनांची जुन्या पद्धतीची डिन सॉकेटं आहेत: एकावर टेप, दुसऱ्यावर फोनो (रेकॉर्ड प्लेअरसाठी). टीव्हीला फक्त ऑप्टिकल (प्रकाशाच्या केबलचं डिजिटल) आउट आहे. लॅपटॉपही जोडायचाय. बजेट दहा हजारांच्या आत. डॅकमधली चिप एके चांगली की ईएसएस बनावटीची, यात डोकं फिरलंय.

सोल्डरवाला
चिपचा नाद सोडा. दोन्ही नीट वापरल्या तर फरक कानाला कळत नाही. पैसे द्यायचे ते सॉकेटांचे. तुम्हाला ऑप्टिकल आणि यूएसबी दोन्ही इनपुट हवेत, आरसीए आउट हवं, बास. एसएमएसएल एसयू-१ मध्ये हे सगळं आहे. आवाजाचं बटण नाही, पण अँप्लिफायरला आहेच. बसल्या जागी आवाज कमीजास्त करायचा असेल तर रिमोटवाला टॉपिंग ई३० बघा. ऑप्टिकलवर टीव्हीचा रिमोट बहुतेक वेळा आवाज बदलत नाही.

फक्त टीव्हीच जोडायचा असता तर फिओचा डी०३के पुरला असता. त्याला यूएसबीतून आवाज घेता येत नाही, ती सॉकेट नुसत्या वीजपुरवठ्याची.

डॅक टेपवरच लावा. फोनोवर चुकूनही नको, तिथे सुमारे ४० डेसिबल वाढ आणि वर आरआयएए वळण (रेकॉर्डसाठीची खर्ज-तार स्वरांची दुरुस्ती). नुसता फाटका, घुमणारा आवाज ऐकू येईल.

पिन_दोन
डिनचं नीट सांगतो, घोळ इथेच होतो. पिनांचे आकडे ओळीने येत नाहीत: कमानीवर १-४-२-५-३ असे असतात. मधली २ म्हणजे अर्थ (अर्थिंग, ग्राउंड). प्लेबॅक डावा ३ वर, उजवा ५ वर. १ आणि ४ रेकॉर्डिंगसाठी बाहेर जाणारे. बाजारातल्या काही दोन आरसीएच्या तयार केबली १-४ वर जोडलेल्या असतात, मग आवाजच येत नाही. मल्टिमीटरने तपासून घ्या, किंवा चार आरसीएवाली घेऊन योग्य जोडी शोधा.

आणखी एक. डॅक २ व्होल्ट देतो, असे जुने टेप इनपुट साधारण २०० मिलिव्होल्टचे. म्हणजे २० डेसिबल जास्त. बटण जेमतेम हललं की घर दणाणतं, आणि तळाशी डावा-उजवा सारखाही राहत नाही. उपाय: प्रत्येक चॅनेलला १० के (किलोओहम) रेझिस्टर मालिकेत आणि त्यापुढे, अँप्लिफायरच्या बाजूला, १.२ के अर्थला. १ टक्क्याचे मेटल फिल्म, पाव वॅट. २ व्होल्टचे सुमारे ०.२ होतात. चार रेझिस्टर, किरकोळ खर्च.

कानसेन_नवा
सोल्डरिंग जमत नाही. डॅकमध्येच आवाज कमी केला तर बिघडतं का?

पिन_दोन
२४ बिटवर १०-१५ डेसिबल कमी केल्याने काही बिघडत नाही. पण एसयू-१ ला ते टीव्हीकडून जमणार नाही, म्हणून तुमच्यासाठी ई३० बरा.

सोल्डरवाला
टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट पीसीएम (साधा, न दाबलेला डिजिटल आवाज) करा. ऑटो किंवा डॉल्बी राहिलं तर डॅक गप्प बसतो नाहीतर खरखरतो, आणि लोक डॅक परत पाठवतात. ऑप्टिकलच्या टोकावरची पारदर्शक टोपी काढायला विसरू नका.

डॅकला वीज टीव्हीच्या यूएसबीतून देऊ नका. ऑप्टिकलचा मोठा फायदा हा की अर्थ जुळत नाही, गुणगुण येत नाही. ती वायर लावली की सेटटॉप बॉक्सच्या केबलचा अर्थ पुन्हा अँप्लिफायरपर्यंत पोचतो. वेगळा दोन पिनांचा ५ व्होल्ट चार्जर वापरा. लॅपटॉप लावल्यावर गुणगुण आली तर आधी त्याचा चार्जर काढून बघा. थांबली तर दोष डॅकचा नाही, अर्थच्या फेऱ्याचा (ग्राउंड लूपचा).

मुंग्या_कानात
खरेदीआधी लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून साधी केबल लावून एकदा ऐका. खरखर नसेल तर लॅपटॉपसाठी डॅकची गरजच नाही, टीव्हीपुरता डी०३के घ्या.