मदत हवी आहे: टाचेमागच्या शिरेचं ऑपरेशन होऊन १६ दिवस झाले, कुठला व्यायाम चालेल?

खानापूरकर

नमस्कार मंडळी. आमच्या कबड्डी संघातला खेळाडू, वय ३१, वजन ७२ किलो. उजव्या पायाचं अकिलीस टेंडन, म्हणजे टाचेमागची शीर, पूर्ण तुटलं होतं. बेळगावात ऑपरेशन झालं. चौदाव्या दिवशी टाके निघाले, प्लास्टर जाऊन गुडघ्याखालपर्यंतचा बूट आला, आत टाचेखाली तीन वेज, म्हणजे टाच उंच ठेवणाऱ्या पाचरी, आहेत. कागदावर एवढंच आहे: बूट घालून पार्शल वेट (पायावर थोडाच भार), बूट काढून घोट्याची हालचाल न्यूट्रलपर्यंत (पाऊल नडगीशी काटकोनात येईपर्यंत), साखर नाही, बीपी नाही.

बेळगाव इथून पंचवीसेक किलोमीटर. पाऊस लागलाय, त्यामुळे फिजिओकडे आठवड्यातून एकदाच जाणं होतं. मधल्या सहा दिवसांत घरी काय करायचं? पार्शल म्हणजे किती किलो, ते कसं ओळखायचं? न्यूट्रल घरच्या घरी कसं मोजायचं? पोरगा तालमीतला आहे, जोर तरी मारू द्या म्हणून मागं लागलाय.

फिजिओ_टिळकवाडी

कागद नीट दिलाय, त्याच्या आतच राहू. माझ्या आणि सर्जनच्या सांगण्यात फरक पडला तर सर्जनचंच ऐका, कारण शिवण किती घट्ट बसली ते त्यांनी डोळ्यांनी बघितलंय.

आधी एक गोष्ट पोराच्या डोक्यात पक्की बसू दे. या दिवसांत शीर फक्त तुटण्याची भीती नसते, ती लांब होण्याचीही असते. टोकं दोऱ्यानं धरलेली आहेत आणि मध्ये नवा धागा कोवळा आहे. रोज थोडा थोडा ताण बसला तर तो हळूहळू ताणला जातो आणि तसाच लांब होऊन भरतो. हे होताना दुखेलच असं नाही. कळतं ते चार-सहा महिन्यांनी, एका पायाच्या चवड्यावर टाच उचलायला गेलं आणि ती उचलतच नाही तेव्हा. मग पोटरी कितीही कमावली तरी रेड टाकताना लागणारा जोर पुरता परत येत नाही. म्हणून नियम असा: पाऊल खाली कितीही जाऊ दे, वर काटकोनाच्या पुढं एक अंशही नको.

काटकोन असा बघा. पोराला खुर्चीवर बसवा, गुडघा वाकलेला, बूट काढलेला, पाऊल जमिनीवर. नडगी सरळ उभी आणि तळवा सपाट असेल तर तो न्यूट्रल. गुडघा बोटांच्या दिशेनं पुढं सरकला किंवा टाच खुर्चीखाली मागं गेली की न्यूट्रल ओलांडला. आता टाच सपाट टेकतच नसेल तर टेकवू नका. आखडलेलं आहे, येईल हळूहळू.

व्यायाम करताना मात्र पाय कॉटवरून मोकळा लोंबू द्या. पाऊल आपसूक खाली झुकेल. तिथून स्वतःच्या ताकदीनं सावकाश वर आणायचं, ओढ जाणवली की थांबायचं, सोडून द्यायचं. १० वेळा, दिवसातून ३-४ दा. पाऊल आत-बाहेर वळवणंही तेवढंच. गुडघा वाकलेलाच हवा. पोटरीचा मोठा स्नायू गुडघ्याच्या वरून सुरू होतो, पाय सरळ केला की तोच शीर ओढतो. टॉवेलनं पाऊल ओढणं, कुणी हातानं दाबून वर करणं, भिंतीला टेकून पोटरी ताणणं यातलं काहीही १२ आठवड्यांच्या आत करू नका. रबर पट्टाही आता नको.

वजनासाठी घरातला वजनकाटा घ्या. बुटाचा पाय काट्यावर, दुसरा पाय काट्याच्याच उंचीच्या फळीवर, दोन्ही कुबड्या हातात. काटा १८ दाखवेपर्यंत दाबायचं, म्हणजे वजनाचा पाव हिस्सा. दहा वेळा बघून, मग डोळे मिटून दाबायचं आणि उघडून ताडायचं. पहिल्या दिवशी बहुतेकांचा आकडा ३० च्या पुढं जातो. १८ ची सवय झाल्यावरच घरात चाला. पुढं किती वाढवायचं ते आठवड्याच्या भेटीत ठरेल. वेज मात्र स्वतः काढायचे नाहीत.

बाकी शरीर कमवायला भरपूर जागा आहे. बूट घालून पाठीवर झोपून पाय सरळ वर उचलणं, कुशीवर झोपून बाजूला, पालथं झोपून मागं. प्रत्येकी १० चे ३ फेरे, वर ३ सेकंद थांबून. वेगळं वजन बांधू नका, बूटच पुरेसा जड आहे. मांडी आवळून ५ सेकंद धरणं दर तासाला १० वेळा. पाठीवर झोपून डाव्या पायाच्या आधारानं कंबर उचलणं चालेल. बसून डंबेल, नसतील तर पाण्याच्या लिटरच्या बाटल्या.

जोर चवड्यावर नको. जोर मारताना शरीर मागं गेलं की घोटा दुमडतो आणि सगळी ओढ नेमकी शिवणीवर येते. गुडघे टेकून, बूट घालून, छाती खाली-वर एवढंच करू दे. बैठका तर आत्ता विसरायच्याच. मुद्गल, गदा उभ्यानं नको, तोल गेला की माणूस नकळत दुखरा पायच टेकतो.

वॉर्डसिस्टर

वरचं सगळं जखम भरली असेल तरच. टाचेच्या वर २ ते ६ सेंटिमीटरच्या पट्ट्यात रक्तपुरवठा मुळात कमी असतो, आणि कातडी पातळ. बूट काढाल तेव्हा रोज उजेडात जखम बघा. टाके निघाल्यावरही कडा उघडणं, पाणी येणं, भोवती लाली पसरणं, ताप यातलं काही दिसलं की व्यायाम बंद आणि दाखवायला न्या. हळद, तेल, कुठलाही लेप लावू नका. सुती मोजा घाला, पण शिवणीवर घडी येऊ देऊ नका. तेवढ्या घडीनं सुद्धा फोड येतो.

प्रत्येक व्यायामानंतर पाय छातीपेक्षा वर, दोन उशांवर, २० मिनिटं. संध्याकाळी सूज वाढते ते चालतं, सकाळपर्यंत उतरत नसेल तर आदल्या दिवशी जास्त झालं.

पोटरी अचानक जास्त दुखायला लागली, टणक किंवा गरम वाटली तर ते व्यायामाचं दुखणं समजू नका. रक्ताची गाठ असू शकते, आणि या ऑपरेशननंतर तो धोका खराच असतो. त्याच दिवशी दवाखाना. धाप लागली, छातीत दुखलं तर मिनिटभरही थांबू नका. रक्त पातळ करायच्या गोळ्या दिल्या असतील तर एकही चुकवू नका.

तंबाखू, विडी, गुटखा, मशेरी पूर्ण बंद. आपल्या भागात हे घराघरात आहे म्हणून स्पष्ट लिहिते. निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम भरायची थांबते. दुसरं, पावसाळ्यात जुलाब-तापाला ऑफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन सहज दिल्या जातात. या गटातल्या गोळ्या टेंडन कमजोर करू शकतात. गावातल्या डॉक्टरांना ऑपरेशनचं आधी सांगा.

खानापूरकर

लाख मोलाचं सांगितलंत. दोन राहिलं. घरातले वडीलधारे पोटरी चोळून घे म्हणतात. आणि संडास भारतीय पद्धतीचा, अंगणाच्या टोकाला आहे.

फिजिओ_टिळकवाडी

पोटरी चोळायची नाही. आत गाठ असेल तर चोळल्यानं सुटून पुढं जाऊ शकते. वडीलधाऱ्यांना वाईट वाटू नये म्हणून दुसऱ्या पायाला, पाठीला तेल लावू द्या. तिथं आधार खरंच हवा असतो, कुबड्यांनी खांदे धरतात.

उकिडवं बसणं म्हणजे घोटा पुरा दुमडणं. ते नकोच. मेडिकलमध्ये कमोडची खुर्ची मिळते, ती रात्री खोलीतच ठेवा.

निपाणीकर

कुबड्या आणि बुटाबद्दल. हात खाली सोडल्यावर मनगटाच्या वळीशी कुबडीची मूठ यायला हवी आणि काखेत दोन-तीन बोटं जागा राहायला हवी. भार तळहातावर, काखेत नाही, नाहीतर हाताला मुंग्या येतात. खालची रबरी टोपी उलटी करून बघा, रेघा झिजल्या असतील तर बदला. ओल्या शाहाबादी फरशीवर आणि शेवाळलेल्या अंगणात गुळगुळीत टोपी उभी राहत नाही. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना कुबड्या आणि बूट आधी.

बुटानं तो पाय उंच होतो. डाव्या चपलेला चांभाराकडून तेवढाच जाड तळ लावून घ्या, नाहीतर आठवड्यात कंबर धरेल. सर्जन सांगेपर्यंत झोपतानाही बूट घालूनच. रात्री अर्धवट झोपेत, बुटाशिवाय उठून टाकलेलं एक पाऊल शीर पुन्हा तोडायला पुरतं.

फिजिओ_टिळकवाडी

हे महत्त्वाचं. आणि घसरलाच, मागून कुणी लाथ मारल्यासारखं वाटलं, तर पोटरी दाबून तपासत बसू नका, चालवून बघू नका. बूट वेजसकट घाला, पाय टेकू न देता गाडीत आडवा ठेवा आणि ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडेच न्या.